पाठ समुद्राकडे: कड्याखाली अडकलेल्या नागपूरच्या गटाचं प्रकरण

राखी पौर्णिमा आणि पोळा यांच्या मधल्या शनिवारी नागपूरहून गेलेला एक गट रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकड्याच्या पायथ्याशी सहा तास अडकून पडला. गटात अकरा जण होते. कोणी बुडालं नाही, कोणाचं हाड मोडलं नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही. तरी नागपुरातल्या भटक्या मंडळींत हा किस्सा वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे आणि बहुतेक रूपांत गटाला बेफिकीर ठरवून विषय संपतो. मी अकराही जणांशी बोललो, फोटोंवरच्या वेळा एकमेकांशी लावून पाहिल्या. बेफिकीर म्हणावं असं काही मला सापडलं नाही. काळजी भरपूर घेतली होती. ती दुसऱ्याच पाण्याची होती, हे खरं प्रकरण.

नावं गटाच्या इच्छेवरून वगळली आहेत. गावाचं नाव मी माझ्या मर्जीने वगळतो आहे, कारण त्या सड्यावरची पायवाट रोज शंभर पावलं झेलेल अशी नाही.

जागा कशी आहे

रत्नागिरीच्या किनाऱ्याने बऱ्याच ठिकाणी जांभ्या दगडाचं पठार थेट समुद्रापर्यंत येतं आणि तिथे तुटतं. या पठाराला कोकणात सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा तापलेल्या तव्यासारखा उघडा असतो. जूननंतर त्याच्यावर डबकी भरतात, गवत उगवतं, आणि श्रावणात निळ्या-पांढऱ्या रानफुलांचे पट्टे दिसायला लागतात. सड्यावर पडलेलं पाणी थोडं जांभ्यात मुरतं, बाकीचं व्हाळ, म्हणजे ओढा, होऊन कड्याच्या दिशेने निघतं. जिथे व्हाळ कड्यावर पोचतो तिथे धबधबा. दिवाळीनंतर त्यातल्या बहुतेकांची नुसती ओली रेघ उरते.

आपल्या प्रकरणातला धबधबा अंदाजे पंचवीस मीटरचा आहे. तो पडतो एका अरुंद खोबणीत. समोर थोडे गोटे, मग खडक, मग समुद्र. वरून सरळ उतरायला वाट नाही. उतरायचं तर सड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं, जुन्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, एका छोट्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) यायचं आणि तिथून कडा उजव्या हाताला ठेवून खडकांवरून अर्धा किलोमीटर चालायचं. मध्यावर कड्याची एक सोंड समुद्रात घुसली आहे. तिच्या पायाशी खडकाची पट्टी आहे, दोन माणसं शेजारी चालतील एवढी. पुळणीकडून धबधब्याकडे जायला आणि यायला ती एकच जागा.

तारीख कशी ठरली

तारीख तिकिटाने ठरली. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गटप्रमुखाने नागपूर-मडगाव विशेष गाडीची तिकिटं पहिल्याच दिवशी काढली. गटप्रमुख चाळिशीतला, खासगी कंपनीत हिशेबाचं काम करणारा, शिस्तीचा माणूस. सोयीची सुट्टी, सगळ्यांना जमणारा शनिवार, राखीची गर्दी ओसरलेली, पोळ्याला परत घरी. यात खोट काढण्यासारखं काही नाही.

प्रवासाच्या दहा दिवस आधी रत्नागिरीत नोकरीला असलेल्या एका मित्राने त्याच जागेचा व्हिडिओ पाठवला. तो धबधब्यापाशी दुपारी चारपर्यंत बसला होता. पट्टी पूर्ण कोरडी. सोबत निरोप: "दिवसभर बसा, पाणी इथपर्यंत येतच नाही." मित्र खोटं बोलला नव्हता. त्याने पाहिलं तेच सांगितलं. पण त्याने पाहिलं ते अष्टमीला, आणि गट तिथे पोचला तो वद्य तृतीयेला.

या दोन तिथींच्या मध्ये काय असतं ते जरा सावकाश पाहू, कारण विदर्भात भरती-ओहोटी ही शाळेच्या भूगोलात दोन गुणांची गोष्ट असते आणि परीक्षेनंतर तिचं काही काम पडत नाही.

अमावस्या आणि पौर्णिमा यांच्या लगतचे दिवस उधाणाचे. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. समुद्र याला थोडा वेळ लावतो, म्हणून मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. ती भांगाची भरती: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मित्राने पाहिलेली कोरडी पट्टी भांगाची होती. तिची उंची भांगाच्या भरतीच्या वर आणि उधाणाच्या भरतीच्या बरीच खाली आहे. महिन्यातले काही दिवस तिथे चटई टाकून झोपता येईल. काही दिवस डोक्यावरून लाट जाईल.

आता वेळ. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. म्हणून चतुर्थीला भरती पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी तीनच्या सुमारास. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, भरती ते ओहोटी सव्वासहा तास, आणि रोज सगळं पाऊण-एक तासाने पुढे सरकतं. बंदराप्रमाणे अर्धाएक तास इकडेतिकडे होतो, म्हणून प्रत्यक्ष उतरायचं तर छापील तक्ताच पाहावा. पण पंचांगावरून अंदाज घ्यायला हा हिशेब पुरेसा आहे. नागपुरात घराघरात भिंतीवर तिथी लटकलेली असते. ती या कामाला वापरायची असते हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे त्या शनिवारी भरती पहाटे सव्वादोनला, ओहोटी सकाळी साडेआठच्या आधी, आणि पुढची भरती दुपारी पावणेतीनच्या आत. गटाने पायथ्याशी असायची वेळ ठरवली होती सकाळी अकरा ते दुपारी दीड.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती या हिशेबातून आपोआप निघते. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या आगेमागे येते, म्हणजे उधाणाच्या दिवसांत ओहोटी नेहमी भल्या सकाळी आणि संध्याकाळीच सापडणार. नाश्ता करून निघालेला, जेवायला परतणारा पर्यटक या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी चढत्या पाण्यातच असतो. याला अपवाद नाही. उलट सकाळी दहा ते बाराची ओहोटी हवी असेल तर ती पंचमी ते अष्टमीच्या दरम्यान मिळते, शुद्ध असो की वद्य, आणि ते दिवस भांगाचे. निसर्गाने सोय करून ठेवली आहे, फक्त तिकीट काढायच्या आधी बघायला हवी. त्या अख्ख्या सहलीत वर्षभर आधी मिनिटासकट माहीत असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे समुद्राचं वेळापत्रक. भारतीय सर्वेक्षण विभाग हे तक्ते दरवर्षी आगाऊ छापतो. गाडी, पाऊस, घरमालकाचा नाश्ता, यातलं काहीच तितकं पक्कं नव्हतं.

शनिवार

साडेसातला निघायचं ते पावणेनऊ झाले. घावणे गरम होते आणि यजमानीण काकू आग्रह करत होत्या. हे कारण गटात सगळ्यांनी थोडं लाजून सांगितलं. सड्यावर अर्धा तास कातळशिल्पापाशी गेला. कोकणच्या सड्यांवरची ही खोदचित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून ती पाहायला वाट वाकडी करणारे वाढले आहेत, आणि करायलाच हवी. जांभ्यात कोरलेली भली मोठी आकृती पावसाच्या पाण्याने भरून आलेली, कडेला गवत. गटातल्या जीवशास्त्राच्या शिक्षिका तिथून निघायला तयार नव्हत्या. त्यांचा पुढे या प्रकरणात मोठा वाटा आहे.

दहा वाजून वीस मिनिटांनी दहा जण पुळणीवर उतरले. अकरावा वरच थांबला. का, ते पुढे येतं.

पुळणीच्या टोकाला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. गटप्रमुखाने राम राम केला, धबधब्याची वाट विचारली. त्याने हाताने दाखवली आणि म्हणाला, "जावा, पण अर्ध्या तासात फिरा." गटप्रमुखाने मान डोलावली. का फिरायचं, हे म्हाताऱ्याने सांगितलं नाही. त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच, समोर दिसत होतं. आणि गटातल्या एकानेही विचारलं नाही. दोघांना वाटलं तो पावसाबद्दल बोलतो आहे. एकीला वाटलं त्याला पर्यटक नको असावेत.

सोंडेखालची पट्टी त्यांनी दहा पस्तीसला ओलांडली. घोट्याएवढं पाणी होतं. फोटोत सगळे हसत आहेत, पँटी वर दुमडलेल्या.

आता भरती चढते कशी ते पाहा. ती सहा तास सारख्या वेगाने येत नाही. किनाऱ्यावरचे लोक बारा भागांचा हिशेब करतात: एकूण चढाचा एक भाग पहिल्या तासात, दोन दुसऱ्या, तीन तिसऱ्या, तीन चौथ्या, दोन पाचव्या, एक शेवटच्या. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. रत्नागिरीच्या बाजूला उधाणाचा चढ मुंबईपेक्षा कमी असला तरी साधारण दोन मीटर धरायला हरकत नाही. ओहोटी साडेआठच्या आत झाली होती. पहिल्या दोन तासांत पाणी जेमतेम अर्धा मीटर चढलं. गट पट्टीवर आला तेव्हा नेमका तिसरा तास सुरू होत होता. पुढच्या दोन तासांत एक मीटर. आलो तेव्हा घोट्याएवढं होतं, म्हणजे परतताना फार तर गुडघ्याएवढं असेल, हा अंदाज माणूस सहज बांधतो. परतताना ते कमरेला होतं, आणि लाट आली की छातीला.

वर ठेवलेला माणूस

या प्रकरणाचा कणा इथे आहे.

नागपूरची भटकी मंडळी धबधबे शिकतात ती सातपुड्यात. चिखलदरा, पचमढी, आणि नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारची यात्रा. या गटातल्या सात जणांनी नागद्वार केलेलं होतं, भर पावसात, शिड्या आणि ओढे पार करत. तिथे एक धडा हाडात भिनतो: पाणी वरून येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना तीन मैल मागे ढग फुटतो आणि ओढा लाल होऊन खाली येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते ज्यांनी घरात उभं राहून पाहिलं त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गटातले दोघे त्याच भागातले.

म्हणून या गटाचा नियम होता: धबधब्याखाली जायचं तर एक जण वर. त्याने आकाश आणि प्रवाह यांच्यावर नजर ठेवायची. पाणी गढूळ झालं, वाढलं, मागे ढग काळा झाला, की लाल टॉवेल हलवायचा. नियम उत्तम आहे. बहुतेक गट एवढंही करत नाहीत. वर राहिलेल्या तरुणाने काम चोख केलं. कड्याच्या टोकाला बसून तो दीड तास पूर्वेकडे, सड्याच्या आतल्या बाजूला पाहत होता. त्याच्या पाठीमागे, खाली, सोंडेची पट्टी त्याला पूर्ण दिसली असती. तो सांगतो, "मी तिकडं पाहिलंच नाही. तिकडून काय येणार होतं?"

दहा जण खाली, तेही समुद्राकडे पाठ करून. धबधब्यासमोर माणूस धबधब्याकडेच तोंड करून उभा राहतो. आवाजही दोन पाण्यांचा एकमेकांत मिसळतो. लाट जवळ आली हे कानाला कळत नाही. पावणेबारा वाजायला आले, तेव्हा खडकावर ठेवलेल्या एका पिशवीला लाट लागली आणि कोणीतरी मागे वळलं.

बारा वाजताचा निर्णय

सोंडेपाशी पोचेपर्यंत बारा झाले. पट्टी दिसत नव्हती. पुढचा संवाद तिघांनी जवळपास सारखाच सांगितला.

"काहून थांबायचं भाऊ? दोन मिनिटं लागन. हात धरू अन् निघून जाऊ."

"किती खोल आहे माहीत आहे का तुला?"

"पोहता येते मले."

"काकांना येतं? ताईंना येतं? नाही. कोणीच जायचं नाही."

पोहता येणारा मुलगा अंबाझरीच्या तलावात नव्हे, चांगल्या तरणतलावात वर्षभर शिकलेला. पण खडकाला खेटून येणाऱ्या पाण्यात पोहणं कामाला येत नाही. लाट माणसाला उचलून खडकावर घासते; खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात; परत जाणारं पाणी पाय ओढतं. शिवाय लाटा गटागटाने येतात. चार-पाच लहान गेल्या की समुद्र शांत झाल्यासारखा वाटतो आणि नेमकं तेव्हाच माणूस पाण्यात पाय टाकतो.

दुसरा पर्याय होता कडा चढण्याचा. एकाने सुरुवातही केली. जांभा वरून टणक दिसतो, पण त्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, साबणासारखी चिकणमाती असते. समुद्र आणि पाझर तिला खात राहतात आणि वरचे धोंडे अधांतरी राहतात. दोन हात वर गेल्यावर त्याच्या हातात मूठभर कडा आला. तो खाली उतरला.

तिसरा पर्याय बसून राहायचा. कंटाळवाणा, घाबरवणारा, आणि माझ्या मते त्या क्षणी एकमेव शहाणा. गटप्रमुखाला नियोजनात मी अर्धे गुण देईन, पण बारा वाजता त्याने दोन तरुणांचा राग पत्करून जे ठरवलं त्याला पूर्ण.

बसायचं कुठे, हा प्रश्न राहिला. भरती किती चढणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तक्ता नव्हता, खाली फोनला रेंज नव्हती. इथे शिक्षिका कामाला आल्या. त्यांनी खडक वाचला. खालच्या भागात कालवं आणि पांढरी टोकदार कवचं घट्ट चिकटलेली: ते प्राणी रोज पाण्याखाली गेल्याशिवाय जगत नाहीत, म्हणजे तिथवर पाणी नक्की येतं. त्याच्या वर काळसर निसरडा पट्टा: तिथे शिंतोडे आणि मोठ्या लाटा पोचतात. त्याच्याही वर कपारीत अडकलेली थर्माकोलची फळी आणि सुकलेला काथ्या: एखाद्या मोठ्या उधाणाने तिथवर नेऊन टाकलेला. आणि त्या रेषेच्या वर गवत, नेचे, फुललेला तेरडा. खारं पाणी वरचेवर पोचत असतं तर तेरडा तिथे फुलला नसता. "तेरड्याच्या वर बसायचं," त्या म्हणाल्या, आणि धबधब्याच्या डाव्या अंगाला, चारेक मीटर उंचीवर एक उतरता गवती ओटा सापडला. दहा माणसं खेटून मावली.

सव्वा वाजता पाऊस आला. व्हाळ फुगला, धबधब्याचं पाणी तांबडं झालं, आणि वरून लाल टॉवेल जोरजोरात हलायला लागला. हे ऐकून मला हसू आलं, तिथे कोणाला आलं नसेल. पावसाबरोबर लहान धोंडे सुटायला लागले तसे ते ओट्याच्या बाहेरच्या कडेला सरकले: मागे दगड, पुढे पाणी. पावणेतीनच्या सुमाराला एक लाट ओट्याच्या खाली मीटरभर अंतरावर फुटली. त्याहून वर कोणतीच आली नाही.

वरचा माणूस, दुसऱ्यांदा

टॉवेलला खालून कोणी पळत नाही हे पाहून तरुणाला परिस्थिती कळली. त्याच्या फोनला रेंज होती. त्याने घरमालकाला फोन लावला. घरमालक दोन माणसं आणि दोर घेऊन अर्ध्या तासात सड्यावर आला, खाली पाहिलं, आणि दोर सोडलाच नाही. त्याने दोन्ही हातांनी बसा, बसा अशी खूण केली आणि बोटं दाखवली: सहा. ओल्या जांभ्याच्या कडेवरून न शिकलेल्या माणसांना दोराने ओढणं म्हणजे एक अपघात मागवून घेणं. होडीही त्या फुटत्या लाटांत खडकाला लागू शकली नसती. ज्याला हे माहीत आहे तो धीटपणे काहीच करत नाही.

एका गोष्टीवर माझं आणि गटाचं एकमत नाही. त्यांनी ११२ ला फोन केला नाही, तटरक्षक दलाच्या १५५४ वरही नाही. "उगाच गाजावाजा कशाला" म्हणून. सुटकेची मागणी करायची गरज नव्हती, मान्य. पण इतकी माणसं इथे आहेत, सुखरूप आहेत, अंधारापर्यंत वर आली नाहीत तर मदत लागेल, एवढी खबर दुपारीच द्यायला हवी होती. संध्याकाळी सातला पहिला फोन करणं म्हणजे मदत करणाऱ्याला अंधारात ढकलणं.

सहा तास ओल्या कपड्यांत, वाऱ्यात. श्रावणातला कोकण थंड नसतो, तरी चार वाजता दोघींना हुडहुडी भरली. गटात साठी ओलांडलेले एक निवृत्त काका, मधुमेही. गोळी सकाळीच घेतलेली आणि जेवण हुकलेलं, म्हणजे साखर उतरण्याचा धोका. त्यांच्याकडे संत्रा बर्फीचा डबा होता, कोकणातल्या यजमानांसाठी आणलेला आणि द्यायचा राहिलेला. तो त्या दिवशी योग्य माणसाच्या पोटात गेला. काकांना दर तासाला थोडं खायला घालायचं आणि बोलतं ठेवायचं काम एका मुलीने अंगावर घेतलं. एक मोठं मेणकापड होतं, ते सगळ्यांच्या डोक्यावरून.

पाणी जसं चढलं तसंच उतरतं. पावणेतीनच्या आधी ते जिथे होतं, तितक्याच वेळाने नंतर पुन्हा तिथे येतं. साडेचारला तरुणांना पट्टी "दिसल्यासारखी" वाटली. गटप्रमुखाने पुन्हा नाही म्हटलं. सहा वाजता पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं, लाटाही बसल्या होत्या. बूट घालून, कड्याच्या बाजूला राहून, दोन लाटांच्या मधल्या वेळात दोघा-दोघांनी सोंड ओलांडली. काका मध्ये. पुळणीवर घरमालक उभा होता. गळ टाकणारा म्हातारा केव्हाच घरी गेला होता. पाखाडी चढून सड्यावर आले तेव्हा सूर्य टेकला होता आणि सगळ्यांच्या मिळून दोनच विजेऱ्या चालू होत्या.

नागपुरातली बैठक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक पाहून आलेले सगळे त्रिमूर्तीनगरात एका घरी जमले. मलाही बोलावलं होतं. पहिला तास भांडणात गेला. मित्राचा व्हिडिओ, घावणे, म्हातारा, कातळशिल्प, प्रत्येकावर खापर फुटलं. घावण्यांवर फोडणाऱ्याला मी एकच विचारलं: साडेसातला निघाला असतात तर? हिशेब मांडून पाहिला. सव्वानऊच्या सुमाराला सोंडेपाशी, साडेनऊला धबधब्याखाली. आणि ठरल्याप्रमाणे दीडपर्यंत तिथेच. अडकले असतेच, कदाचित जास्त निवांतपणे. उशीर हे कारण नव्हतं. परतायची वेळ समुद्रावरून ठरलेली नव्हती, हे कारण होतं.

मग कामाचं बोलणं झालं. अशा जागी दिवस मागून मांडायचा: ओहोटीची वेळ मध्ये ठेवायची, तिच्या आधी तासभर अडचणीची जागा ओलांडायची आणि ओहोटीनंतर तासाभरात परत ओलांडायची, धबधबा कितीही सुंदर असला तरी. वरचा माणूस राहू द्यायचाच, तो नियम मोडायचं काही कारण नाही. पण दोन माणसं ठेवायची, एकाचं तोंड सड्याकडे, दुसऱ्याचं सोंडेकडे. दुसऱ्याने पट्टीवरचा एक ठरावीक खडक धरून ठेवायचा आणि तो बुडाला की बोलावायचं. गळवाल्याला का म्हणून विचारायचं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते पावसाच्या अंदाजाइतकेच पाहायचे, कारण तक्ता भरती सांगतो, लाट सांगत नाही.

गटाला पुन्हा जायचं आहे. तारीख काढायला बसल्यावर खरी गंमत झाली. पंचमी ते अष्टमी हवी आणि धबधब्याला पाणीही हवं. भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपास घरोघरी महालक्ष्म्या. त्या तीन दिवसांत विदर्भातली बाई कोकणात जाईल हे शक्य नाही. आश्विन शुद्ध सप्तमी-अष्टमीला नवरात्र, आणि लगेच दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, गाड्या भरलेल्या. आश्विन वद्यात पाणी आटायला लागलेलं आणि दिवाळीची खरेदी. उरला पितृपक्ष. वद्य षष्ठी-सप्तमी: ओहोटी सकाळी पावणेअकरा ते साडेअकराच्या सुमाराला, भांगाची भरती, समुद्र जरा निवलेला, व्हाळ अजून भरलेला. सगळ्या बाजूंनी उत्तम, फक्त पितृपक्ष. शिक्षिकांच्या सासूबाईंचं म्हणणं या दिवसांत लांबचा प्रवास नको. काकांच्या घरी सप्तमीलाच श्राद्ध. हात वर करून मोजले तर सहा जण तयार निघाले, आणि सहावा होता तो पोहता येणारा मुलगा.